वांड पोराची आई आणि शासनाचा हिशेब

फुलंब्री तालुक्यातील एक शेतकरी-मजूर कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोन-अडीच एकर जमीन, तीत कापूस आणि मका. विहिरीला पाणी राहिले तर थोडे अद्रक. हंगामात नवरा-बायको दोघेही दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. घरात सासू, थोरली मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. हा मुलगा एका जेवणात तीनदा ताटावरून उठतो. दप्तर कधी शाळेत विसरतो, तर कधी वाटेत कोठेतरी टाकून येतो. वर्गात प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो, आणि तेच उत्तर लिहायला सांगितले की दोन ओळींत जागा सोडतो. संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणारा रहदारीचा रस्ता फुलंब्रीवरूनच जातो. त्या रस्त्यावर हे पोर चेंडूमागे धावत सुटेल या धास्तीने आई रानात खुरपत असतानाही मनाने घरीच असते.

हे कुटुंब कल्पित आहे. पण सभासद नोंदणीच्या किंवा निवडणुकीच्या निमित्ताने घरोघर हिंडलेल्या कार्यकर्त्याला ते ओळखीचे वाटल्याशिवाय राहणार नाही. अशा पोराला गावात ‘वांड’ म्हणतात, आणि वांडपणावरचा उपायही गावाला पाठ असतो. गुरुजींनी तक्रार करावी, सासूने ‘आईनेच लाडावून ठेवला’ म्हणावे, बापाने संध्याकाळी येऊन बदडावे आणि रात्री आईने वळ शेकावेत. दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा ताटावरून उठतो. मार हा उपाय असता तर तो एव्हाना लागू पडला असता, एवढा साधा विचारही कोणी करीत नाही.

वैद्यकशास्त्र या अवस्थेला अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार म्हणते. शहरी पालकांच्या तोंडी त्याचे आद्याक्षरी नाव, एडीएचडी, आता रुळले आहे. मोबाइलच्या युगानेच हे दुखणे जन्माला घातले हा समज मात्र खरा नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांविषयी १९०२ साली व्याख्याने दिली, तेव्हा घरात रेडिओही आलेला नव्हता. ही मुले बुद्धीने कमी नसतात हे त्यांनी तेव्हाच नोंदवले. पण दोष ‘नैतिक संयमा’चा आहे असे त्यांना वाटले. पुढच्या शतकभराच्या संशोधनात तो ‘नैतिक’ शब्द गळून पडला. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्माच्या वेळी कमी वजन, शिशासारख्या विषारी धातूशी संपर्क यांनी धोका वाढतो. आईच्या लाडाने तो होत नाही आणि बापाच्या माराने जात नाही. उलट सततच्या मारामुळे आणि अपमानामुळे मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढते: मुलगा उद्धट होतो, खोटे बोलू लागतो, शाळा टाळतो, आणि मग सगळे म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’

जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेले प्रमाण मुलांमध्ये शेकडा पाचाच्या आसपास येते. दोनशे पटाच्या जिल्हा परिषद शाळेत सरासरीने अशी दहा मुले असणार. आपल्याकडे मोजणीच अपुरी आहे. २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीसाठी जी बारा राज्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

मराठी मनाची या बाबतीत आणखी एक अडचण आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि आई हेच मुलाचे पहिले विद्यापीठ ही भावना घराघरांत पोहोचली. त्या पुस्तकाचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्यातून समाजाने एक उलटा सिद्धांत काढला, जो पुस्तकात नाही: मुलगा गुणी तर आई थोर, म्हणून मुलगा वांड तर आई नालायक. श्याम ऐकणारा मुलगा होता. ऐकण्याची इच्छा असूनही ज्याचे चित्त ऐकण्यावर टिकत नाही अशा मुलाच्या आईची कथा मराठीत लिहिली जावयाची आहे. तोवर ती बाई सासरच्या, शाळेच्या आणि स्वतःच्या मनाच्या अशा तीन न्यायालयांत आरोपी म्हणून उभी राहते.

पुरोगामी वर्तुळांतही या प्रश्नाबद्दल एक संशय आहे आणि त्याचा विचार करणे जरूर आहे. हा सारा औषध कंपन्यांचा खेळ आहे, भांडवली समाजाला निमूट बसणारी मुले हवीत म्हणून चंचलतेला रोग ठरवले जाते, असा तो संशय. त्यात तथ्यांश आहे. अमेरिकेत २०२२ च्या पाहणीनुसार तीन ते सतरा वयाच्या दर नऊ मुलांमागे सुमारे एका मुलाला कधी ना कधी हे निदान मिळालेले आहे. हा आकडा पाहून कोणीही विचारात पडावे. पण अमेरिकेतील अतिरेकाचा युक्तिवाद फुलंब्रीत आणून तेथील आईला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला अतिभोजनाचे तोटे सांगण्यासारखे आहे. फुलंब्रीतील संकट जादा निदानाचे नसून निदानच नसण्याचे आहे. देशात लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ पडतो, आणि तोही बहुतांशी मोठ्या शहरात. अतिचंचलतेवरचे मुख्य औषध, मेथिलफेनिडेट, अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली येते. त्याच्या नोंदींची कटकट लहान दुकानदार सहसा अंगावर घेत नाहीत. तेथे औषध कंपनी पोहोचलेली नाही, आणि शासनही नाही.

शिवाय औषध हा या उपचाराचा एक भाग आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर पहिला भागही नव्हे. पहिला भाग आहे पालकांचे प्रशिक्षण. हा शब्द ऐकून कोणाला ते उपदेशाचे कीर्तन वाटेल. प्रत्यक्षात ते अत्यंत व्यावहारिक कसब आहे. आई एका दमात सांगते, ‘वासरू बांध, वैरण टाक, हातपाय धू आणि अभ्यासाला बस.’ साधे मूल यातील तीन गोष्टी करते. या मुलाच्या हाती पहिलीही पुरी लागत नाही, कारण वासराकडे जाताना त्याला वाटेत मांजर दिसते. म्हणून त्याच्याजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एकच गोष्ट सांगावयाची. ती झाली की त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणावयाचे, संध्याकाळपर्यंत थांबावयाचे नाही. मग दुसरी सांगावयाची. उठण्या-निजण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. बारीकसारीक खोड्यांकडे काणाडोळा करावा. शिक्षा कमी, लहान आणि आधी सांगितलेली असावी, आणि ती रोज तीच असावी. आज मार आणि उद्या हसून सोडून देणे, यासारखे घातक काही नाही. सर्वांत अवघड भाग असा की हे आई-बाप-आजी तिघांनीही पाळावयाचे. एकत्र घरात आईने एक नियम करावा आणि आजीने पदराआडून तो मोडावा, हे आपल्याकडचे नेहमीचेच आहे. म्हणून प्रशिक्षणाला आजीलाही बोलवावे लागते. परदेशी पुस्तकांत तिचा उल्लेख फारसा सापडत नाही.

आता हिशेब. अशा प्रशिक्षणाच्या आठवड्याला एक याप्रमाणे दहा-बारा बैठका होतात. ते शहरातच मिळेल असे धरू. वडोद बाजार किंवा गणोरीच्या आईने मुलाला घेऊन आधी फुलंब्री गाठावी, तेथून संभाजीनगर, तेथून रिक्षा करून घाटी. आणि घाटीवर तर निम्म्या मराठवाड्याच्या रुग्णांचा भार. २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे भाडे पडते ही चांगलीच गोष्ट झाली. पण एसटी चुकली की काळी-पिवळी, आणि तिला सवलत नाही. खरा खर्च भाड्याचा नाहीच, दिवसाचा आहे. आईची मजुरी बुडते आणि मुलाची शाळाही. बारा बैठका म्हणजे बारा दिवस, त्यातले निम्मे खुरपणीच्या किंवा वेचणीच्या ऐन घाईतले. अशा दहा माता धरल्या तर एकशे वीस दिवसांचे श्रम झाले. याउलट एकच प्रशिक्षित व्यक्ती बारा वेळा फुलंब्रीला आली आणि तिने या दहा जणींना एकत्र बसवले, तर शासनाला बारा दिवसांचे वेतन पडेल. मातांचाही अर्धा-अर्धा दिवस जाईल, पण दुपारपर्यंत त्या रानात परतू शकतील. शासन आज हे बारा दिवस वाचवते आणि गरिबांकडून एकशे वीस दिवस खर्च करवते. याला बचत म्हणता येत नाही. खर्च एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यावर टाकला, एवढेच झाले. आणि हे दुसरे खाते ज्या बाईचे आहे, तिला अंदाजपत्रकाच्या चर्चेत स्थान नाही. प्रत्यक्षात बहुतेक माता दोन फेऱ्यांनंतर जाणे सोडतात, आणि मग ‘पालकच उदासीन आहेत’ असा शेरा मारावयाला सगळे मोकळे.

शासनाजवळ योजना नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये याच महाराष्ट्रात, पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा आरोग्य पथकाने जावे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तीस प्रकारचे दोष व आजार शोधावेत, आणि पुढील उपचारासाठी जिल्हा केंद्राकडे धाडावे, अशी ती व्यवस्था. त्या तीसांच्या यादीत अवधानन्यूनता व अतिचंचलतेचे नाव स्पष्टपणे आहे. त्यानंतर २०१६ साली दिव्यांग हक्क कायदा झाला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांची संख्या त्याने एकवीसवर नेली. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. अतिचंचलता आली नाही. म्हणजे आरोग्य खात्याच्या वहीत जे मूल आहे, ते केवळ या विकारापुरते दिव्यांग कायद्याच्या वहीत नाही, आणि तेवढ्यावर त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. यादीत बाविसावे नाव घालावे ही मागणी योग्य आहे. पण तेवढ्यावरच थांबणे बरे नव्हे. यांतील पुष्कळ मुले वेळीच साहाय्य मिळाले तर मार्गी लागतात. त्यांच्या कपाळी टक्केवारीचा शिक्का मारल्याखेरीज मदतच करावयाची नाही, ही कारकुनी वृत्ती झाली. मदत शाळेतच, प्रमाणपत्राविना, मिळाली पाहिजे.

ती देणार कोण? विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ठरवून दिले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली. एका केंद्रात अनेक शाळा असतात, आणि या शिक्षकाने अंध, कर्णबधिर, मतिमंद, स्वमग्न अशा सर्वच मुलांकडे पाहावयाचे असते. वांड पोराची पाळी कधी येणार? तेव्हा कोणीतरी सुचवतो की हे काम आशा आणि अंगणवाडी सेविकांना द्यावे. कार्यकर्त्यांनी या सूचनेला निक्षून विरोध केला पाहिजे. मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवणे म्हणजे एका बाईचा भार दुसऱ्या बाईवर टाकणे होय.

वर्गातही सारे काही पैशावाचून अडलेले नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर गेली. मुलाला शाळेच्या मापाचे करण्याऐवजी शाळा मुलाच्या मापाची करावी, हा विचार महाराष्ट्राने एकदा करून पाहिलेला आहे. अतिचंचल मुलाला पुढच्या रांगेत बसवणे, दहा गणिते एकदम न देता तीन-तीन देणे, मधूनच फळा पुसण्याचे किंवा वह्या वाटण्याचे काम सांगून त्याला उठू देणे, यांसाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. छडीला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच बंदी आहे. मात्र एकाच शिक्षकाने दोन-तीन इयत्ता सांभाळावयाच्या आणि वर ऑनलाइन माहिती भरावयाची असेल, तर सगळा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

मुलींविषयी वेगळे लिहिले पाहिजे. मुलींमध्ये हा विकार पुष्कळदा धावपळीच्या रूपाने दिसत नाही. मुलगी गप्प बसून हरवलेली असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ती ‘ढ’ ठरते, आणि ढ ठरलेल्या मुलीचे आपल्याकडे काय होते ते उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळिसांच्या वर आहे. अभ्यासात डोके चालत नाही हे त्या लग्नांचे एक नेहमीचे निमित्त असते.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला आहे. फुलंब्री तालुक्यातील किती शाळांत या समितीवर पक्षाचे कार्यकर्ते किंवा सहानुभूतीदार पालक म्हणून बसलेले आहेत, याची मोजदाद करणे कठीण नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी तीन प्रश्न विचारून ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत: आरोग्य पथक या वर्षी कोणत्या तारखेला आले, त्याने अवधान किंवा वर्तनाच्या कारणासाठी किती मुलांना जिल्हा केंद्राकडे पाठवले, आणि त्यांतील किती मुले तेथवर पोहोचली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मुख्याध्यापकांजवळ नसेल. ते त्या मुलांच्या आयांना विचारावे लागेल, आणि त्यासाठी बैठक त्या रानातून परतल्यानंतरच्या वेळेला ठेवावी लागेल.