एक कण, दोन प्रतिमा. प्रश्न शरीराबाहेर पडण्याचा

कर्करोगाची गाठ पेट स्कॅनमध्ये दिसते; शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र शल्यविशारदाला ती पुन्हा डोळ्यांनीच शोधावी लागते. ही दोन्ही कामे एकाच अतिसूक्ष्म कणाकडून करून घेण्याचा प्रयोग म्हणजे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेले सिलिकाचे ‘सी डॉट्स’. गाभ्यात प्रकाशमान रंगद्रव्य, पृष्ठभागावर किरणोत्सारी आयोडीन-१२४ आणि कर्कपेशींना चिकटणारा रेणू, अशी त्यांची रचना. २०११ मध्ये मानवी चाचणीस परवानगी मिळाली. २०१४ मध्ये मेलानोमाच्या पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या कणांची खरी करामत चमकण्यात नाही, आकारात आहे. सहा-सात नॅनोमीटरचा कण मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो; मोठे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. निदानापुरते टोचलेले द्रव्य शरीरात मुक्कामाला राहणे कोणत्याही नियामकाला रुचणारे नाही.

पेट आणि एमआरआयची सांगड घालणे तर अधिकच अवघड. पेटला द्रव्याचा अत्यल्प अंश पुरतो, एमआरआयला त्याच्या हजारो पट लागतो. मात्रा ठरवायची कोणाच्या हिशेबाने?

शिवाय बाजार आहेच. एमआरआयसाठी लोहकणांचे ‘फेरिडेक्स’ १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. २००८ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. त्याच कुळातील फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये आले, ते मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर लोह पुरवणारे औषध म्हणून. डॉक्टरांनी ते एमआरआयसाठीही वापरले, पण त्या मंजुरीच्या चौकटीबाहेर जाऊन.