पंचगंगा ३९ फुटांवर : या आकड्यानंतर गावात नेमकं काय हलायला हवं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सॲपवर एक आकडा दिवसभर फिरत असतो. राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

आकडा सगळ्यांना कळतो. तरीही ऐनवेळी धावपळ का होते?

कारण हा आकडा एका बंधाऱ्याजवळचा आहे. ४३ फुटांना आपल्या गल्लीत पाणी येईल की नाही, हे त्यातून कळत नाही. मग लोक आपली मोजपट्टी लावतात : २००५ ला पाणी कुठवर आलं होतं? ‘तेव्हा पायरीलाच टेकलं होतं’ म्हणून अनेक घरं २०१९ मध्ये थांबली. पाणी त्या जुन्या खुणेच्या वर गेलं, तोवर रस्ते बंद झाले होते.

त्यात राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट पाहत नाहीत. ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. गाव हलवायला हाती असतात ते एवढेच तास.

हलवायचं कुणी?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोण बाळंतीण आहे, कुणाच्या गोठ्यात किती म्हशी आहेत, हे माहीत असतं सरपंचाला, ग्रामसेवकाला, आशाताईंना. ‘४१ फूट झाले की ही दहा घरं निघणार’ अशी यादी गावातच बनू शकते, आणि ती मे महिन्यातच बनायला हवी.

म्हशींचा उल्लेख उगाच नाही. शेतकऱ्याचं रोजचं घर दुधावर चालतं. जनावरं दावणीला ठेवून शाळेच्या खोलीत जाऊन झोपणं त्याला जमत नाही. निवारा केंद्राच्या आराखड्यात माणसांसाठी खिचडी आहे आणि जनावरांसाठी चारा, जागा नाही, तर तो कुटुंबाला पाठवेल आणि स्वतः मागे राहील. मग त्याला काढायला बोट लागते.

बोट हा शेवटचा उपाय. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात बसली होती, कारण पाणी चढत होतं आणि पुढची फेरी होईल याचा भरवसा नव्हता. मृतांमध्ये बायका आणि लहान मुलंही होती.

शहराची अडचण वेगळी. महापुरात कोल्हापूरला पाणी पुरवणारी उपसा केंद्रंच बुडाली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, त्यामुळे बाहेरून येणारी वाहनंही अडकली. म्हणजे ज्या मोटारींवर शहराचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे, त्या ५६ फुटांच्या वर बसवल्या आहेत का, हा प्रश्न महापालिकेला विचारायचा असतो. तोही पातळी ३९ वर जायच्या आधी.