जे सांगता ते लिहून द्या
(कोलकात्यातील मराठी मंडळींसाठी)

नोनी, मँगोस्टीन, अकाई, गोजी या फळांचे रस. नावे दूरदेशीची, बाटली देखणी, किंमत घसघशीत. बाटलीवर सहसा कुठल्याच रोगाचे नाव नसते. उलट 'हे औषध नव्हे' असे बारीक अक्षरांत छापलेले सापडते. रोगांची नावे निघतात ती घरच्या बैठकीत, विक्रेत्याच्या तोंडून: मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि, आवाज जरा खाली आणून, कर्करोग. आमचे भांडण फळाशी नाही. छापलेले एक आणि बोललेले दुसरे, या फटीतून जो धंदा चालतो त्याच्याशी आहे.

नोनीच घ्या. ताहितीची म्हणून मिरवणारी ही आपली बारतोंडी. तिच्या कुळातल्या झाडांच्या मुळांपासून निघणाऱ्या आलीच्या लाल रंगात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवले गेले. नाव बदलले, भाव चढला. १९९८ साली अमेरिकेतील ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि टेक्सास या चार राज्यांनी मोरिंडा या कंपनीला तिच्या नोनीरसाच्या दाव्यांबद्दल जाब विचारला. पुराव्याविना रोग बरे करण्याचे दावे करणार नाही, असे कंपनीने मान्य केले आणि तपासखर्चापोटी एक लाख डॉलर भरले. २००२ साली युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीला हा रस विकण्यात गैर दिसले नाही. मात्र इतर फळांच्या रसांपलीकडे याचा काही खास फायदा असल्याचा पुरावा नाही, असेही तिने नोंदवले. पहिले अर्धे वाक्य घेऊन 'युरोपमान्य' म्हणणे सोपे आहे. दुसरे अर्धे मागून घ्यावे लागते. 'अँटिऑक्सिडंट'च्या आकड्यांचेही तेच. ते परीक्षानळीतले आकडे. कंपन्या ते जाहिरातीत वाट्टेल तसे वापरतात म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा आपला तक्ता २०१२ साली मागे घेतला. क जीवनसत्त्वच हवे असेल तर बारुईपूरचा पेरू आहेच, आणि तो विकायला कोणी बैठक भरवत नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?' असे विचारले जाते. किडनीचा आजार असलेल्या आणि पोटॅशियमचे पथ्य पाळत असल्याचे सांगणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढलेले आढळले; तो नोनीचा रस घेत होता. २००० साली हे अमेरिकेतील किडनीविषयक नियतकालिकात छापून आले. रसातले पोटॅशियम संत्र्याच्या रसाइतकेच निघाले. म्हणजे एवढे पोटॅशियम निरोग्याला निरुपद्रवी आणि किडनीच्या रुग्णाला घातक. आणि रस विकला जातो तो नेमका रुग्णालाच. 'आमच्या ओळखीत गुण आला' याचे उत्तर सोपे आहे: रसाबरोबर गोळ्याही चालू होत्या, श्रेय मात्र बाटलीला गेले. खरा धोका आहे तो गोळ्या बंद करण्यात.

अधिक गंभीर आक्षेप असा की, देशी औषधांना विज्ञान मुद्दाम दाबते. या शहरात तरी हे बोलू नये. इथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रांनी देशी वनौषधी तपासून पाहिल्या. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी ५० रुग्णांवर ती तपासून १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जग ऐकत राहिले. पुढे तिचे दुष्परिणामही उघड झाले, तेही तपासण्यांमुळेच. सर्पगंधा ज्या परीक्षेला बसली तिला या बाटलीने का बसू नये?

तोंडी बोलले की कायद्यातून सुटलो, असेही कोणी समजू नये. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही धरली आहे, आणि त्याच्या अनुसूचीतल्या ५४ आजारांत कर्करोग, मधुमेह, रक्तदाब सारे आहेत. म्हणून विक्रेता घरी आला की कागद पुढे करा: कोणता आजार, कोणत्या पुराव्यावर, आणि खाली नाव, सही, तारीख. सही केली तर कागद जपून ठेवा, तक्रारीला उपयोगी पडेल. नाही केली तर चहा पाजा आणि निरोप द्या.