खरा मुसलमान कोण ठरवणार?

आमच्या अमडापूरसारख्या गावात दाखला ही मोठी वस्तू आहे. शाळा सोडल्याचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा. घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच, म्हणून हे सगळे दाखले प्रथम माझ्यासाठीच काढावे लागले. पण एक दाखला कोणत्याही कार्यालयात मिळत नाही आणि मागणारे मात्र पुष्कळ भेटतात. तो म्हणजे 'खरी मुसलमान' असल्याचा!

माझी अम्मी होळीच्या सुमारास सैलानीबाबांच्या यात्रेला जाते. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर हिंदूही मोठ्या संख्येने येतात, नारळांची होळी पेटते. नात्यातले काही जण म्हणतात, हे इस्लामात बसत नाही. उलट मी बरे मराठी बोलले की बाहेरचे कौतुकाने म्हणतात, "तू मुसलमान वाटतच नाहीस!" दोघांच्याही मनात मुसलमानाचे एक ठरलेले चित्र आहे. त्यात अम्मी बसत नाही आणि मीही बसत नाही. आम्हाला विचारायची गरज मात्र कोणालाच वाटत नाही.

हे आजचे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. विरोधकांचे ठरलेले उत्तर काय होते? 'दलवाई मुसलमानच नाहीत.' दलवाई श्रद्धावान नव्हते, हे खरे. १९७७ साली त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले. आमच्या घरात हे कोणाला पटणार नाही, मलाही त्यांचे सगळे पटत नाही. पण प्रश्न विचारणारा नमाज पढतो की नाही, यावरून टाकलेल्या बाईचे दुःख कमी-जास्त होते काय? तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. त्या सात जणींचे म्हणणे ऐकण्याआधी त्यांच्या बाजूच्या माणसाचा धर्म तपासण्यात किती काळ गेला!

कोणी म्हणेल, मग धर्माला काही बंधनच नाही काय? प्रत्येकाने आपापला इस्लाम करावा? शंका रास्त आहे. ग्रंथ जाणणाऱ्याने अर्थ सांगावा, आम्ही आदराने ऐकू. पण अर्थ सांगण्याचा अधिकार वेगळा आणि माणसाला बाहेर काढण्याचा वेगळा. पाकिस्तानात १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींची चौकशी करताना न्या. मुनीर व न्या. कयानी यांनी मोठमोठ्या उलेमांना मुसलमानाची व्याख्या विचारली. १९५४ च्या अहवालात त्यांनी नमूद केले की, कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. जे उलेमांना एकमताने जमले नाही, ते नातेवाइकांना आणि वर्गमित्रांना कसे जमावे?

आणि सुधारकांनाही माझे एक सांगणे आहे. दर्ग्यावर जाणारी अम्मी मागासलेली आणि न जाणारी मी पुढारलेली, असा नवा दाखला तुम्हीही काढू नका. तलाकाविषयी अम्मीचे मत माझ्याहून कडक आहे! ती शाळेत गेलेली नाही. पण आपला धर्म काय आणि आपल्यावरचा अन्याय काय, यातला फरक तिला नेमका कळतो. मित्रहो, व्याख्या करण्यापूर्वी अशा बायकांना एकदा विचारून तर पाहा.

— बी. ए. भाग २