रहिवासी पर्यटकांच्या रांगेत का?

वर्धा जिल्ह्याला परदेशी माणूस नवा नाही. जपानी भिक्खू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये गांधीजींना भेटायला वर्ध्यात आले. इंग्लंडच्या मॅडेलिन स्लेड मीराबेन होऊन सेवाग्रामच्या मातीत राबल्या. आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी शिकतात. अशी माणसे सुट्टीवरून परततात, तेव्हा विमानतळावर ती आठवडाभराच्या पर्यटकाच्या मागे उभी राहतात. हे बदलायला हवे.

भारताने २२ जून २०२४ रोजी दिल्लीत जलद इमिग्रेशनची सोय सुरू केली. एकदा अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे. पडताळणी झाली की पुढच्या प्रवासात ई-गेटवर पासपोर्ट आणि चेहरा दाखवून बाहेर. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर ती पोहोचली. वर्धेकरांना जवळचे नागपूर त्या यादीत नव्हते. पहिला टप्पा भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्ड असलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचा. म्हणजे न्यू जर्सीत स्थायिक झालेला कार्डधारक ई-गेटने जाऊ शकतो, पण वर्ध्यात अनेक वर्षे राहून संशोधन करणारा परदेशी विद्यार्थी नाही.

सुरक्षेचा मुद्दा गैरलागू नाही. पण १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, पत्ता बदलला तरी कळवावे लागते. शासनाला तो पर्यटकापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असतो. व्हिसा रद्द झाला असेल, तर गेट उघडणार नाही आणि प्रकरण अधिकाऱ्याकडे जाईल. मतदान हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो तसाच राहावा. पण विमानतळाच्या रांगेत प्रश्न हक्काचा नसून फक्त ओळख पटवण्याचा असतो.

हाच अन्याय आपल्या माणसांच्याही वाट्याला येतो. ब्रिटनने २०१९ मध्ये अमेरिका, जपान, सिंगापूर आदी देशांच्या प्रवाशांना ई-गेट खुले केले. त्यामुळे अमेरिकी पर्यटक हीथ्रोवर झटकन आत जातो. तिथे कायम वास्तव्याचा परवाना मिळवून वर्षानुवर्षे कर भरणारा मराठी अभियंता मात्र भारतीय पासपोर्टमुळे काउंटरपुढे ताटकळतो. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय राहण्याची ही शिक्षाच झाली. याउलट अमेरिकेच्या ‘ग्लोबल एन्ट्री’ या जलद प्रवेश योजनेत ग्रीन कार्डधारकांना स्थान आहे. युरोपनेही ऑक्टोबर २०२५ पासून लागू केलेल्या नव्या प्रवेश-निर्गमन नोंदणीतून तिथला वास्तव्य परवाना असलेल्यांना वगळले आहे.

परदेशी प्रवाशांना दुसऱ्या टप्प्यात सामावून घेण्याचे केंद्राने जाहीर केलेच आहे. त्याची सुरुवात नोंदणीकृत दीर्घकालीन रहिवाशांपासून करावी आणि नागपूरलाही ही सोय द्यावी. मग ब्रिटनमधील भारतीय रहिवाशांसाठी तीच सवलत आपल्याला ठामपणे मागता येईल. जे आपण आपल्याकडच्या परदेशी माणसाला देत नाही, ते दुसऱ्याच्या दारात मागण्यात जोर राहत नाही.