थ्रिप्सचं वेळापत्रक आणि आपलं

जानेवारी उलटला की मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये धास्ती सुरू होते. डिसेंबरात बेंडिंग करून, म्हणजे फांद्या वाकवून, व्हॅलेंटाइनसाठी धरलेला माल तयार असतो, दांडी लांब, कळी टपोरी. आणि ऐन काढणीला पाकळीची कडा तपकिरी पडलेली दिसते. निर्यातीचा बंच लोकल मार्केटला वळतो. मग पंप निघतो. वाराला वार धरून फवारणी, दुकानदार देईल ते औषध. या सवयीविरुद्ध मला आज लिहायचं आहे. ज्या किडीसाठी हा खर्च होतो, तिच्या आयुष्याशी त्याचा मेळच बसत नाही.

कीड म्हणजे फुलकिडे, सगळ्यांच्या तोंडी थ्रिप्स. गुलाबावर त्यांच्या अनेक जाती येतात. आपल्याकडची नेहमीची एक म्हणजे स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणारा आणि द्राक्षमण्यांवर खरचटल्यासारखे डाग पाडणारा तो हाच. १९१९ साली दक्षिण भारतातल्या नमुन्यांवरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं. पुढे २००५ मध्ये तो अमेरिकेतल्या फ्लोरिडात गुलाबांवर सापडला आणि तिथे ठाण मांडून बसला.

पूर्ण वाढलेला थ्रिप्स दीड मिलिमीटरही भरत नाही. उमलू लागलेलं फूल पांढऱ्या कागदावर झटका आणि भिंग धरा. फिकट पिवळ्या बारीक रेघा सरपटताना दिसतील. पंख फुटलेले असतील तर त्यांच्या कडांना केसांची झालर. त्याच्या तोंडात एकच जबडा असतो, डावा. उजवा वाढतच नाही. डाव्याने पेशीला भोक पाडायचं, मग सुईसारखे अवयव आत घालून रस ओढायचा. रिकाम्या पेशींत हवा भरते, म्हणून पानाला आधी रुपेरी चकाकी येते आणि नंतर तो भाग करपतो. या किड्याला अंग चोरून फटीत बसायची ओढ असते आणि मिटलेल्या कळीइतकी अरुंद जागा त्याला दुसरीकडे मिळत नाही. पाकळी वाढते तशी आतली जखमही पसरते. आपल्याला चट्टा दिसतो तेव्हा नुकसान होऊन काही दिवस उलटलेले असतात.

आता फवारणीचं. मादी करवतीसारख्या अवयवाने पान चिरून अंडं आतल्या पेशींत ठेवते. वरून पडलेलं औषध तिथे पोचत नाही. साधारण आठवडाभरात पिल्लू बाहेर येतं, दोन अवस्थांत खात वाढतं आणि मग खाणं थांबवून कोषासारख्या अवस्थेत जातं, तेही गळालेल्या पालापाचोळ्यात, मुरडलेल्या पानांत किंवा फुलाखालच्या हिरव्या दळांआड. अंड्यापासून प्रौढापर्यंत उबदार हवेत दोन ते तीन आठवडे. त्यामुळे कोणत्याही दिवशी फवारा, काही अंडी आणि काही कोष सुटणारच.

नर न भेटलेली मादीही अंडी घालते. त्यातून नर निघतात. फलित अंड्यांतून माद्या. नराकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, म्हणून औषधाला दाद न देणारा गुण त्याच्यात झाकला जात नाही. ज्याच्यात तो आहे तो जगतो, बाकीचे मरतात. एकाच गटातलं औषध पुन्हापुन्हा मारलं की प्रतिकारक पिढी लवकर उभी राहते. नाव बदलून तोच गट मारणं म्हणजे तीच चूक नव्या डब्यातून करणं. पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांनी तर लाल कोळीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि पुढच्या महिन्यात कोळीचं दुखणं उभं राहतं.

उघड्यावरच्या गुलाबाला जोराचा पाऊस थोडी मदत करतो, थ्रिप्स धुऊन जातात. पॉलिहाऊसच्या कागदाखाली ती मदतही नाही. पाकळी भिजू नये म्हणून घातलेलं छत किडीलाही कोरडं ठेवतं.

तेव्हा आधी कागदावर फूल झटकून पाहा. किडे वाढताना दिसले तरच फवारा, आणि अंड्यांतून सुटलेली पिल्लं बाहेर आली की दुसरी फवारणी वेगळ्या गटाची. छाटणीची पानं आणि उमललेली टाकाऊ फुलं वाफ्यांमधल्या वाटेत पडू देऊ नका. ती बाहेर नेऊन नष्ट करा.

औषधाचं बिल मालकाच्या वहीत दिसतं, पण पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याच्या आणि सकाळी फुलं काढणाऱ्या बायांच्या श्वासात काय जातं त्याची नोंद कुठेच नसते. बंदिस्त शेडमध्ये औषध उघड्या रानापेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. डब्यावर आत जाण्याआधी किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं असेल, तर तेवढा वेळ काढणी बंदच राहिली पाहिजे, मग फेब्रुवारीचा पहिला आठवडा का असेना. हातमोजे आणि मास्क मालकाने विकत आणून द्यावेत, मजुरीतून कापू नयेत.