वंशावळीतून गळालेली आत्या

जातपडताळणीच्या निमित्ताने आमच्या वाशीम जिल्ह्यात घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या आहेत. विद्यार्थी रिसोडचा असो वा मानोऱ्याचा, पणजोबापर्यंतची नावे आणि कोतवाल बुकाची नक्कल त्याच्या पिशवीत असते. याच घरात आत्या कशाने गेली असे विचारून पाहावे. ‘छातीत काहीतरी झालं होतं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पुष्कळदा तर आत्या त्या कागदावरच नसते. लग्न झाले, नाव बदलले, रेघ संपली.

१९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके ओळखली गेली. त्यांतील दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तरीही हा ‘बायकांचा आजार’, आणि चौकशी व्हायची ती आईची, मावशीची, आजोळची! नाव बापाचे, सातबारा बापाचा, कूळ बापाचे. आजाराचा वारसा तेवढा आईच्या माथी. ही वाटणी कोणी केली?

भाषेचाही यात हात आहे. मराठीत बाईला स्तन असतात, पुरुषाला छाती. ‘स्तनाचा कर्करोग’ हा फलक वाचणाऱ्या पुरुषाला तो आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. स्तनाग्राखाली न दुखणारी गाठ लागली तर पोते उचलताना मार बसला असेल, असे म्हणून तो सदरा अंगात चढवतो. अशा बहुतेक गाठी साध्या असतात हे खरे. पण तपासल्यावाचून ते कळणार कसे?

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ फॉर्म भरतात. त्यात स्तनातील गाठीचा प्रश्न ‘फक्त महिलांसाठी’ या भागात आहे. घराण्याविषयी विचारले जाते ते रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांपुरते. कर्करोगाचे नाव तिथे नाही. आशाताईंचा यात काय दोष? त्या छापील प्रश्न विचारतात.

यावर शहाणी माणसे सांगतील की स्तनाच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक, त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? सरसकट सर्व पुरुषांची तपासणी करा असे आम्ही म्हणतच नाही. पण बीआरसीए-२ मधील दोष असलेल्या शंभर पुरुषांत सहा-सात जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग गाठतो, शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. आणि स्वतःला काहीही न होता तो दोष मुलीला देणारा बाप या शंभरांत एकच्या हिशेबात कुठेच येत नाही. ज्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला त्याची जनुकीय तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे सांगतात. आपल्याकडे तो शस्त्रक्रिया करून घरी येतो आणि सोयरिकीत बोभाटा नको म्हणून घरातल्या मुलींनाही काही सांगत नाही. मुलींची लग्ने जमावीत म्हणून पाळलेले हे मौन त्याच मुलींच्या जिवावर उठू शकते, याला अब्रू म्हणायचे काय?

जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने फॉर्म बदलण्याची वाट पाहू नये. छापील प्रश्न संपल्यावर आशाताईंनी घरातल्या पुरुषाला आणखी एक विचारावा : तुमच्या आईला, बहिणीला, आत्याला कोणता कर्करोग झाला होता, आणि कोणत्या वयात?